छोटं कंट्रोल लाईन विमान निवडायचंय? आधी वजन बघा

कंट्रोल लाईन, म्हणजे हातात दोन तारा धरून आपल्याभोवती गोल उडवायचं इंजिनाचं मॉडेल विमान, म्हटलं की पोरं पहिल्या झटक्यात दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर नाहीतर मस्टँग या लढाऊ विमानाचा प्लॅन (नकाशा) घेऊन येतात, "दादा हेच करू ना, कसलं भारी दिसायलंय!" दिसतंय भारी, कबूल. पण तुला लूप (हवेत उभे गोल) मारायचेत, उलटं उडवायचंय, आणि इंजिन ०.८ सीसीचं, मग त्या बारीक पंखाच्या अन जाड पोटाच्या विमानाचं काय करणार बाबा?

लूप किती छोटा बसेल हे स्पीडवर फारसं नसतंच. स्पीड वाढला की लिफ्ट (पंखाची उचल) वाढते, पण वळायला लागणारा जोरही तेवढाच वाढतो, म्हणजे हिशोब बरोबरीत. उरतं ते वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ. २०० ग्रॅमचं विमान असेल तर पंख १३ चौरस डेसिमीटरच्या आसपास तरी पाहिजे, जास्त असला तर उत्तमच. त्यात आपल्याकडचं ऊन! संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर वर, मे महिन्यात ४० डिग्री, तिथली हवा समुद्रकाठच्या १५ डिग्रीच्या हवेपेक्षा १४ टक्के तरी पातळ. म्हणजे थंड देशात बसून काढलेल्या प्लॅनचा लूप इथे मोठा होणार, आणि खाली जमीन काही सरकून जागा देत नाही.

म्हणून मी सांगतो, सपाट प्रोफाईल बॉडी (एका फळीची), सरळ जाड सिमेट्रिकल, म्हणजे वर-खाली सारख्या फुगीचा पंख (जाडी कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या, १५ टक्क्यांच्या आसपास), एलिव्हेटर (विमान वर-खाली वळवणारी शेपटीची हलती पट्टी) मोठा, सीजी (तोल साधणारा बिंदू) लीडिंग एजपासून, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेपासून, कॉर्डच्या १५-२० टक्क्यांवर. १९५० च्या दशकातलं स्टर्लिंग कंपनीचं रिंगमास्टर मॉडेल याच धाटणीचं, बिनफ्लॅपचं (पंखाच्या मागच्या कडेला हलती पट्टी नसलेलं). जॉर्ज आल्ड्रिचने डिझाईन केलेल्या नोबलर मॉडेलला एलिव्हेटरसोबत उलटे हलणारे फ्लॅप आहेत, मोठ्या विमानात ते झकास, पण एवढ्याशा पंखात फ्लॅप हलवणारे हॉर्न (छोटे दांडे), बिजागऱ्या, पुशरॉडचं वजन आणि ढिलेपणाच जास्त होतो, माझ्या मते नकोच.

बाल्साची (मॉडेलच्या हलक्या लाकडाची) शीट डोळे झाकून घेऊ नका. दीड मिलीमीटरची, सेम साईजची, एक १४ ग्रॅम भरते आणि दुसरी २४! सोनं तोलायला वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घ्या, हलकी शीट शेपटीला आणि रिबला (पंखाच्या आडव्या फासळ्यांना), जड शीट बाजूला ठेवा.

आता लाईन, म्हणजे त्या तारा. २०० ग्रॅमचं विमान १२ मीटर लाईनवर ५ सेकंदाला एक फेरी मारत असेल तर हातात साधारण ३८० ग्रॅमचा ओढा येतो. लाईन १५ मीटर केली आणि स्पीड तोच, तर ३००. डोक्यावरून नेताना विमानाचं स्वतःचं वजन त्यातून वजा, म्हणजे १०० च उरले, वर चढताना स्पीड पडतो ते वेगळंच. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की लाईन ढिली अन एलिव्हेटर गेला हातातून. त्यामुळे लांब लाईनची हौस नको, गोलाच्या बाहेरच्या बाजूच्या पंखाच्या टोकाला थोडं वजन टाका, लीडआउट (पंखातून बाहेर येणाऱ्या तारा) जरा मागे सरकवता येतील असे ठेवा, आणि मे-जूनच्या दुपारी तर घरीच बसा, सकाळी सातला या.

चाकं? काळ्या रानात भेगा आणि ढेकळं, तिथे ती बारकी चाकं काय फिरणार. काढून टाका, वजनही वाचतं, हातातून सोडायला एक मित्र पकडा. उतरायला हराळीची जागा बघा, कुसळाची नाही, कुसळं पंखावरच्या पातळ फिल्ममधून आरपार घुसतात.