माझ्या एल्फचं गाव कुठलं? होमलँड ठरवतानाचा माझा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवर बसून खेळायच्या गोष्टींच्या खेळात एल्फ, म्हणजे दीर्घायुषी जमातीतलं पात्र, बनवायला तसा फार वेळ लागत नाही. डेक्स्टेरिटीत, म्हणजे चपळाईत, २ वाढवा, अंधारात ६० फुटांपर्यंत दिसतं ते लिहा, झोपेऐवजी ४ तासांचा ट्रान्स, जादूने झोपवता येत नाही, झालं. माझंही शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, एका संध्याकाळी तयार होतं, वुड एल्फ (जंगलातली एल्फ) रेंजर, स्पीड ३५, हातात लाँगबो. आणि मग सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) विचारलं, हिचं गाव कुठलं? आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला विचारतो तोच प्रश्न.

मी म्हटलं जंगल. तो म्हणाला कुठलं जंगल. मी म्हटलं असेल कुठलंतरी, एल्फ आहे म्हणजे जंगलच ना. त्यावर तो हसला आणि फेरूनचा, म्हणजे आमचा खेळ घडतो त्या काल्पनिक खंडाचा, मोठा नकाशा ग्रुपवर टाकून मोकळा झाला. त्याची अट एकच होती, नकाशावर बोट ठेव आणि ती तिथून का निघाली ते मला सांग, सांगता नाही आलं तर बोट दुसरीकडे ठेव.

ऐकायला सोपं वाटतं. पण ही अट लावली की नकाशावरच्या निम्म्या सुंदर जागा आपोआप गळतात हे मला पुढच्या काही दिवसांत कळलं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कारण नवीन एल्फ बनवणारा प्रत्येकजण आधी जागा किती भारी आहे ते बघतो आणि मग दहा सेशननंतर त्या जागेचं नावही कुणी घेत नाही.

आमची कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, २०१४च्या नियमांची, सुरुवात सोर्ड कोस्टवर, म्हणजे फेरूनच्या पश्चिम किनाऱ्यावर, नेव्हरविंटर शहराच्या खालच्या अंगाला असलेल्या फॅन्डालिन या छोट्या गावातून, आणि साल १४९२ डीआर (डीआर ही फेरूनमधली कालगणना). हे साल लक्षात ठेवा, पुढे तेच सगळा खेळ फिरवणार आहे.

पहिलं बोट अर्थातच एव्हरमीटवर. सगळ्यांचं तिथेच जातं. पश्चिमेच्या समुद्रातलं बेट, एल्फांचं स्वतःचं राज्य, बाहेरच्यांना जवळपास मज्जाव. २०१५ साली आलेल्या सोर्ड कोस्टच्या गाईडमध्ये फार ट्रॅव्हलर नावाचं बॅकग्राउंड, म्हणजे पात्राचा पूर्वेतिहास, आहे आणि त्यात कुठून आलात याच्या यादीत एव्हरमीट चक्क दिलेलंच आहे, वर फायदा असा की लोक तुमच्याकडे कुतूहलाने बघतात आणि त्याचा वापर करून बड्या लोकांपर्यंत पोचता येतं. मी जवळजवळ लिहूनच टाकलं होतं. पण अट आडवी आली. शतकानुशतकं मुख्य भूमीवरचे एल्फ आपली राज्यं सोडून एव्हरमीटला जात राहिले, त्याला रिट्रीट म्हणतात, म्हणजे सगळी गर्दी तिकडे चाललेली आणि माझी बाई एकटी उलट्या दिशेने होडीत बसून इकडे. मग कारणही तेवढंच वजनदार हवं. हद्दपारी? राणीची गुप्त कामगिरी? लेव्हल वन, म्हणजे अगदी नवखी, हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) १२, दोन गॉब्लिननी गाठलं तर आडवी होणार, हिच्यावर कोण राज्याची कामगिरी सोपवेल. डीएमने इतकंच विचारलं की तिथून तिला शोधत कुणी येईल का? समुद्र ओलांडून? आणि आलंच तर फॅन्डालिनमधल्या त्या टुकार गुंडांच्या टोळीत त्या माणसाला रस काय असणार? बाद.

मग एव्हरेस्का. हे मला अजूनही आवडतं खरं तर. ॲनॉरॉक वाळवंटाच्या नैऋत्येला टेकड्यांमध्ये लपवलेली दरी, तिच्यावर मिथलचं, म्हणजे एल्फांच्या मोठ्या जादूचं संरक्षण, बाहेरच्यांना तिचा रस्ता सांगायचा नाही असा दंडक. १३७२ मध्ये फेरिम नावाच्या भयानक प्राण्यांनी तिला वेढा घातला होता, म्हणजे युद्धाच्या आठवणीही आहेत. गंमत अशी की एव्हरेस्काच्या माणसाला गाव विचारलं की थाप मारावी लागणार, दर वेळी नवी थाप, आणि रोलप्लेला हे भन्नाट आहे. पण आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण, जी बार्ड, म्हणजे गाणारं-वाजवणारं पात्र, खेळते आणि सगळ्यांना नीट ओळखून आहे, ती म्हणाली, अगं तू आधीच टेबलवर गप्प असतेस, त्यात कॅरेक्टरला गप्प बसायचं अधिकृत कारण मिळालं तर आम्ही तुझा आवाज फक्त इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतल्या पाळीचा आकडा, सांगतानाच ऐकू. यावर काय बोलणार.

हाय फॉरेस्ट आणि वेल्डाथ ही दोन्ही जंगलं वुड एल्फसाठी एकदम सरळ. वेल्डाथ दक्षिणेला टेथिरमध्ये, तिथे एल्मानेसी आणि सुल्डस्क असे दोन गट, एक माणसांशी जरा तरी बोलणारा आणि दुसरा अजिबात न बोलणारा. चांगलंय, पण मला काही सुचेना. हाय फॉरेस्टमधून निघायला कारण हजार सापडतात आणि त्यातलं एकही लक्षात राहत नाही.

एकाने मध्येच ड्राऊ, म्हणजे जमिनीखाली राहणारी एल्फ, कर असा आग्रह धरला. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम आल्यापासून ग्रुपमध्ये कुणी ना कुणी ड्राऊ सुचवतंच. मेन्झोबेरान्झन या ड्राऊंच्या शहरातून पळून आलेली मुलगी, निघण्याचं कारण तर शहरानेच लिहून दिलेलं, घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली, वर लॉल्थ देवीची पुजारीण असलेली आई. अट शंभर टक्के पूर्ण. पण थेट उन्हात असताना हल्ल्याला डिसॲडव्हांटेज (फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा), बघून ओळखायच्या पर्सेप्शनलाही डिसॲडव्हांटेज, आणि आमची अर्धी कॅम्पेन भर दुपारी ट्रायबोर ट्रेल या रस्त्यावर. धनुर्धारी रेंजरला हे परवडत नाही. शिवाय पळून आलेली चांगली ड्राऊ हा प्रकार इतका झालाय की आता वाईट ड्राऊ केली तरच नवीन वाटेल.

इथे थोडं विषयांतर. माझा चुलतभाऊ दुसऱ्या ग्रुपमध्ये एबेरॉन, म्हणजे याच खेळातलं वेगळं जग, खेळतो, त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला की आमच्याकडे तुमच्यासारखं डोकं फोडावं लागत नाही. त्याचा एल्फ व्हॅलेनारचा. तिथले तैरनादाल एल्फ घोड्यावरचे लढवय्ये, प्रत्येकाचा एक पूर्वज ठरलेला असतो आणि त्या पूर्वजासारखे पराक्रम करून त्याला जिवंत ठेवायचं हेच आयुष्य. म्हणजे गाव सांगितलं की कामही ठरलं, पराक्रम शोधायला बाहेर पडायचंच आहे. आणि तिकडचंच एरेनाल बेट घेतलं तर तिथे पूर्वज खरोखरच मेल्यानंतरही दरबार भरवून बसलेत, त्यांचा सल्ला घेतल्याशिवाय पान हलत नाही. मला जरा हेवा वाटला. फेरूनमध्ये जागा ढीगभर पण त्या तुम्हाला काम देत नाहीत, ते तुम्हीच शोधायचं.

मग मी उलटी सुरुवात केली. जागा सोडली आणि वय धरलं. एल्फ ७५० वर्षांपर्यंत जगू शकतो, शरीराने तो माणसाइतक्याच वयात मोठा होतो पण त्यांच्यात जाणता साधारण शंभरीला समजला जातो, तेव्हा तो लहानपणीचं नाव टाकून स्वतः निवडलेलं मोठं नाव घेतो. लेव्हल वनची एल्फ म्हणजे शंभरच्या आसपासच हवी, ३०० वर्षांची असून पहिल्या लेव्हलला असेल तर इतकी वर्षं काय केलं बाई तू असं कुणीही विचारेल. तर शंभरच्या आसपास, साल १४९२, म्हणजे जन्म १३८० ते १३९० च्या मधला. आता या काळात फेरूनमध्ये एल्फांचं काय काय झालं ते बघायला बसले. आणि तिथे मिथ ड्रॅनॉर सापडलं.

नाव माहीत होतं, पण माझ्या डोक्यात ते राक्षसांनी भरलेले जुने अवशेष एवढंच होतं. पूर्वेकडे डेललँड्सच्या बाजूला कॉरमँथॉरचं प्रचंड जंगल, त्यात हे शहर. तिथल्या एल्फांनी आणि डेल्समध्ये आलेल्या माणसांनी करार करून स्टँडिंग स्टोन उभा केला आणि त्या वर्षापासून डीआर कालगणना मोजतात, म्हणजे आपण कॅम्पेनचं साल लिहितो तेही याच जंगलाच्या कृपेने. २६१ मध्ये शहरावर मिथल घातलं, एल्फांबरोबर माणसं, ड्वार्फ, हाफलिंग सगळ्यांना दारं उघडली. ७१४ मध्ये वीपिंग वॉरमध्ये शहर पडलं. मग साडेसहाशे वर्षं अवशेष, आणि मला माहीत होती ती हीच अवस्था. पण १३७५ मध्ये एव्हरमीटहून आलेल्या एल्फांच्या फौजेने ते परत जिंकलं, त्या वर्षाचं नावच इयर ऑफ रायझन एल्फकिन. आणि १४८७ मध्ये नेदरिल या जादूगारांच्या साम्राज्याचं उडतं शहर थुल्टान्थार थेट मिथ ड्रॅनॉरवर येऊन कोसळलं, दोन्ही शहरं संपली.

१३७५ ते १४८७. ११२ वर्षं. हे बघितल्यावर मी उठून चहा करून आले, कारण मला कॅरेक्टर मिळालं होतं. आपल्याला ११२ वर्षं म्हणजे चार पिढ्या. एल्फला एक बालपण आणि वर थोडं. म्हणजे आईबापांनी मोठ्या जिद्दीने परत मिळवलेलं शहर, त्यात जन्मलेली मुलगी, तिला त्याचे अवशेष कधी माहीतच नाहीत, तिच्यासाठी ते कायमचंच आहे, आणि ती मोठी व्हायच्या आत ते गेलं.

मी जन्मसाल १३८९ धरलं. १३८५ चा स्पेलप्लेग होऊन गेलेला, जादू विस्कटलेली, अशात जन्म. शहर पडलं तेव्हा ९८ वर्षांची. म्हणजे मोठं नाव घ्यायला दोन वर्षं कमी. ज्या झाडांखाली तो समारंभ व्हायचा ती झाडंच उरली नाहीत, मग तिने नाव घेतलंच नाही. १०३ वर्षांची आहे आणि अजून लाएल हे लहानपणचंच नाव लावते. बाकीच्या एल्फांना हे विचित्र वाटतं, माणसांना काही कळत नाही. समारंभ आणि झाडं माझी, अधिकृत लोरमध्ये, म्हणजे खेळाच्या छापील कथाविश्वात, नाहीत, पण डीएम म्हणाला चालतंय की.

आता निघण्याचं कारण विचारायची गरजच उरली नव्हती, गावच राहिलं नाही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटत होती. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या आजोबांचं गाव धरणात गेलंय, पुनर्वसन होऊन त्यांची घरं दुसऱ्या तालुक्यात, पण त्याला गाव कुठलं विचारलं की तो अजून पाण्याखालच्या गावाचंच नाव सांगतो, जे त्याने स्वतः कधी पाहिलेलंही नाही. मी त्याला विचारूनच हे वापरलं. लाएलसुद्धा तसंच करते, फॅन्डालिनच्या सरायवाल्याला बिनदिक्कत सांगते की मी मिथ ड्रॅनॉरची, आहे असं, होते असं नाही.

मग काम शोधलं. रेंजर म्हटलं की लोक आउटलँडर बॅकग्राउंड घेतात, मी गिल्ड आर्टिझन घेतलं, नकाशे काढणारी. शहरात एका म्हाताऱ्या कार्टोग्राफरच्या हाताखाली शिकत होती, गल्ल्या मोजत फिरायची. त्यामुळे जे शहर आता नाहीये त्याचा पायरीपायरीचा नकाशा तिच्याकडे आहे. याचा टेबलवर रोजचा उपयोग म्हणजे गुहेत शिरलो की नकाशा मीच काढते, कॅरेक्टरमध्ये राहून, आणि रात्री इतर आठ तास झोपतात तेव्हा तिचा ४ तासांचा ट्रान्स आटोपला की उरलेल्या वेळात ती पहारा देत जुना नकाशा आठवून सुधारत बसते. बार्डवाली मैत्रीण म्हणाली की चला, निदान नकाशावरून तरी भांडशील.

राहिलं फक्त अंतर. कॉरमँथॉर एका टोकाला, सोर्ड कोस्ट दुसऱ्या टोकाला. इथे डीएमने मदत केली. लाएलचा तो गुरू वाचला असावा आणि पश्चिमेकडे गेला असावा असं तिने ऐकलंय, त्याच्या हातचा एक नकाशा नेव्हरविंटरच्या बाजारात विकायला आलेला दिसला, एवढाच धागा. तो जिवंत आहे की नाही हे मलाही माहीत नाही, डीएमने मुद्दाम सांगितलेलं नाही, आणि मी त्याला पुन्हा विचारलेलंही नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर आमच्या ड्वार्फ फायटरवाल्याने पहिल्यांदा शांतपणे वाचलं आणि मग विचारलं, ७१४ च्या आधी तिथे ड्वार्फ राहायचे ना? हो म्हटलं. ड्वार्फ सरासरी ३५० वर्षं जगतात, तेव्हा त्याने हिशोब करून एक खापरपणजोबा काढला, वीपिंग वॉरमधून जीव वाचवून पळालेला, आणि आता त्याचं म्हणणं आहे की शहरातल्या एका तळघराची मालकी त्याच्या घराण्याची होती, १३७५ मध्ये एल्फांनी शहर परत घेतलं तेव्हा मूळ मालकांना कुणी विचारलंच नाही. माझ्या नकाशात त्या जागी दारूचं दुकान आहे. दोन सेशन झाले, गॉब्लिन बाजूला राहिलेत आणि आमचं तळघरावरून चाललंय, डीएम म्हणतो कागद दाखवा.