वापरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या शोधात चार दिवस

चार दिवस, सहा विक्रेते, आणि शेवटी एक चांगलं .३८ स्पेशल हातात आलं. पहिल्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. माणसं भली होती, माल ठीक होता, किमती माझ्या आवाक्याबाहेर होत्या. लिहायचंय ते तिसऱ्या मुक्कामाबद्दल, कारण तिथे माझी आगाऊ रक्कम बुडाली. परवाना आणि कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, आणि रिकामं हत्यारही भरलेलंच समजून हाताळायची सवय आहे, असं धरून चालतो. टॉर्च आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मात्र खिशात हवंच. माझं गेज बॅगेच्या तळाशी राहिलं होतं.

विक्रेता फोनवर म्हणाला होता, "साहेब, कपाटातच पडून होतं. शंभर गोळ्यासुद्धा उडाल्या नसतील." पाच तासांचा प्रवास करून पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पोटात काही नव्हतं. ट्यूबलाइटखाली ते काळंनिळं असं काही झळकत होतं की बघत राहावं. किंमत नव्याहून जेमतेम दहा टक्के कमी. सकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, असं त्याने दोनदा सांगितलं. मी आगाऊ रक्कम देऊन टाकली. इतका प्रवास करून रिकाम्या हाताने परतायचं जिवावर आलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. दमलेले असाल तर पैशाला हात लावू नका. झोपा आणि सकाळी परत जा.

सकाळी ते उन्हात धरलं आणि सगळं दिसलं. फ्रेमच्या कडा गोल झालेल्या, कोरलेली अक्षरं पुसट, स्क्रूंच्या भोवती धातू बशीसारखा खोलगट. पॉलिशचं चाक जोरात फिरवलं की हेच होतं. मूळचे घोडा आणि चाप केस-हार्डन केलेले, म्हणजे करड्या-तपकिरी छटांचे असायला हवे होते. इथे तेही फ्रेमसारखेच निळे केलेले. नळीत टॉर्च मारला तर मध्यावर काळसर कडं. एखादी गोळी आत अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली की नळी तेवढ्यात फुगते आणि आतून असं कडं दिसतं.

मग टायमिंग पाहिलं, म्हणजे प्रत्येक चेंबर (गोळीचा कप्पा) वेळेवर नळीसमोर येऊन थांबतो का ते. सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, रिकामा असल्याची खात्री केली, त्याला अंगठ्याने किंचित अडवलं आणि घोडा अगदी सावकाश चढवला. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर 'टक्' करून अडकला पाहिजे. सहापैकी दोन चेंबरवर तो अडकलाच नाही. असं रिव्हॉल्व्हर शिशाचे कण बाजूला फेकतं, शेजारी उभ्या असलेल्याच्या तोंडावर. शेवटी चढवलेला घोडा चापाला हात न लावता मागून अंगठ्याने ढकलला, तर तो सुटला! "जुन्यात एवढं चालतंच," असं उत्तर मिळालं. अजिबात चालत नाही. ही फसवणूकच होती. पैसे परत मिळाले नाहीत. परतीची अट लेखी नसेल तर एक पैसाही देऊ नका.

चौथ्या दिवशी नशीब फिरलं. एका शांत दुकानात पोलीस खात्यातून निवृत्त झालेली स्मिथ अँड वेसन मॉडेल १० होती. हे मॉडेल १८९९ पासून चालत आलंय, 'मॉडेल १०' हे नाव १९५७ चं. नळीच्या तोंडाशी निळा रंग होल्स्टरने उडालेला, मुठीचं लाकूड चेपलेलं. पोलिसांची हत्यारं कमरेला खूप राहतात, झाडली कमी जातात. आतून नळी आरशासारखी, सहाही चेंबर वेळेवर अडकणारे, सिलिंडर आणि नळीतली फट ०.००६ इंच. ०.००४ ते ०.००८ मध्ये असली की मी खूश. सिलिंडर पुढे-मागे जवळजवळ हललाच नाही. चाप दाबून धरल्यावर आजूबाजूला किंचित खेळ होता, या बनावटीत तेवढा चालतो. जुन्या कोल्टमध्ये मात्र त्या स्थितीत सिलिंडर तिजोरीसारखा घट्ट हवा. किंमत त्या झळकणाऱ्या मालाच्या निम्मी. आनंदाने हात थरथरत होते.

.३५७ मॅग्नमच हवं असेल तर गोष्ट सोपी होते, कारण त्यात .३८ स्पेशलही चालतं (उलट कधीच नाही). वापरलेल्यात १९७२ ते १९८८ मधली रुगर सिक्युरिटी-सिक्स दणकट. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ घेताना फोर्सिंग कोनच्या (सिलिंडरकडच्या नळीच्या तोंडाच्या) तळाशी टॉर्च माराच. तिथे धातू पातळ आहे आणि १२५ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम) वजनाच्या हलक्या, जोरकस गोळ्यांनी चीर पडू शकते. नव्यात रुगर जीपी१०० डोळे मिटून चांगलं, पण स्वस्त नाही. स्वस्त नवं घ्यायचं तर त्यालाही हीच तपासणी लावा. या शोधाच्या दुसऱ्या दिवशी पाहिलेल्या एका कोऱ्या करकरीत नगाची फट चेंबरगणिक बदलत होती.

व्यवहाराआधी फ्रेमवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अंक-अंक जुळवून पाहा. घरी आल्यावर फ्रेमच्या बाजूची पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, ती वाकते. स्क्रू काढून मुठीवर लाकडी दांड्याने हलके ठोके दिले की ती आपोआप सुटते. माझ्यातलं जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं. ते काढल्यावर चाप इतका मऊ झाला की पहिल्या पन्नास गोळ्या कधी संपल्या कळलंच नाही.