सीनेकाठून सीनवर: मोनेच्या नदीवरचे सात दिवस

सप्टेंबरात मी आणि वहिनी पॅरिसहून बोटीने नॉर्मंडीपर्यंत जाऊन आलो. सात रात्री, जाणं-येणं एकाच नदीवरून. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने आयुष्याचा बहुतेक काळ याच सीन नदीच्या आसपास राहिला. मी 31 वर्षं सोलापुरात मुलांना चित्रकला शिकवली. मोनेची चित्रं मुलांना दाखवली ती पोस्टकार्डाएवढी, छापील. ती जिथे काढली गेली ते पाणी एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

बोट ठरवताना किमतीच्या आधी एक गोष्ट विचारा: कोणता टप्पा दिवसाउजेडी आहे? बऱ्याच बोटी रात्री चालतात आणि दिवसभर धक्क्याला उभ्या असतात. मग नदी बघायची राहूनच जाते. आम्ही जाताना पॅरिस ते व्हेर्नों हा टप्पा रात्री झोपेत गेला. येताना मात्र तो दिवसा मिळाला, तेव्हा व्हेतय हे गाव दिसलं. मोने तिथे 1878 ते 1881 राहिला. त्याची बायको कामिल तिथेच 1879 मध्ये गेली. त्यानंतरच्या कडक हिवाळ्यात सीन गोठली आणि बर्फ फुटून वाहू लागला, तो त्याने रंगवला. आम्ही पाहिलं तेव्हा ऊन होतं, काठावर एक माणूस कुत्र्याला पाणी पाजत होता आणि वरच्या अंगाला चित्रातलंच ते चर्च. बोट पुढे सरकली तरी मी कठड्याशी उभीच होते.

आमची खोली सगळ्यात खालच्या मजल्यावर होती, म्हणजे सगळ्यात स्वस्त. खिडकी उघडत नाही, पाणी अगदी काचेखाली. पहिल्या दिवशी वहिनी जरा हिरमुसल्या. मला मात्र ती खिडकी फार आवडली. याच नदीकाठच्या आर्जांतयला राहत असताना मोनेने एका नावेवर खोपटं बांधून घेतलं होतं आणि तो त्यात बसून चित्रं काढायचा. त्याचा चित्रकार मित्र माने याने 1874 मध्ये त्याला त्या नावेत काम करताना रंगवलंय. इतक्या खालून बघितलं की पाण्यातलं प्रतिबिंब काठापेक्षा मोठं दिसतं. वरच्या डेकवरून ते दिसत नाही. तेव्हा खालची खोली घ्यायला कचरू नका, पण ती बोटीच्या मागच्या टोकाची नको. आमची तशी होती आणि इंजिनाची घरघर रात्रभर उशाशी. कंपनीने बुकिंगच्या वेळी हे सांगितलं नव्हतं. नकाशा मागवून मधली खोली मागून घ्या.

व्हेर्नोंला बोट लागते ती जिव्हर्नीसाठी. त्या गावात मोने 1883 पासून 1926 मध्ये जाईपर्यंत राहिला, तिथेच त्याचं घर, बाग आणि कमळांचं तळं आहे. बोटीची सहल बसने नेते आणि नेमकी गर्दीच्या वेळी पोचवते. आम्ही पहिल्या दिवशी तशाच गेलो. तळ्यावरच्या जपानी पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती, तळ्याऐवजी लोकांच्या पाठीच दिसल्या. नशिबाने येताना बोट पुन्हा तिथेच रात्रभर थांबली. दुसऱ्या दिवशी आम्ही सहल सोडून दिली, आधीच ऑनलाइन काढलेलं साडेनऊचं, म्हणजे दार उघडतानाचं तिकीट घेऊन गेलो, आणि घर न बघता रस्त्याखालच्या भुयारी वाटेने सरळ तळ्यावर. सगळे आधी घरात शिरतात, म्हणून पहिला अर्धा-पाऊण तास तळं जवळजवळ आपलंच असतं. बाग 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर एवढीच उघडी असते, हे तारखा ठरवतानाच ध्यानात ठेवा. पाय धड असतील तर व्हेर्नोंहून जुन्या रेल्वेमार्गावरून केलेल्या वाटेने चालत जाता येतं, साधारण पाच किलोमीटर.

हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. 1893 मध्ये मोनेने रस्त्यापलीकडची जागा घेतली आणि एप्त नदीच्या छोट्या फाट्याचं पाणी आत वळवलं. तळ्यातल्या परक्या झाडांनी पाणी बिघडेल म्हणून गावकऱ्यांनी हरकत घेतली होती. पाण्यावरून गावात होणारी भांडणं आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत, मला त्या गावकऱ्यांचंही पटलं.

रुआं शहरात दोन रात्री मुक्काम होता. इथल्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग मोनेने 1892 आणि 1893 मध्ये समोरच्या इमारतींतून तीसहून अधिक वेळा रंगवला. तो पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी पूर्ण सावलीत असतो आणि दुपार कलल्यावर उजळतो. मार्गदर्शकाबरोबरची फेरी सकाळी असते आणि लोक करड्या दगडाचे फोटो काढून परत जातात. तुम्ही किमान तीनदा जा. आम्ही सकाळी आठला गेलो तेव्हा दगड निळसर होता. चारला पिवळा झाला. सातच्या सुमाराला कोरीवकामाच्या खोबणी जांभळ्या आणि कडा नारिंगी. लोखंडी शिखराभोवती परांची बांधलेली होती, पण खालच्या भागाला तिचा काही अडथळा नव्हता.

मधल्या वेळात तिथल्या कलासंग्रहालयात त्या मालिकेतलं एक चित्र बघितलं. जवळून रंग भिंतीच्या गिलाव्यासारखा जाड आणि खरबरीत. चार पावलं मागे आले आणि दगड उभा राहिला. माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणायचे. अण्णा मला मागाजवळ नेऊन दाखवायचे: उभा धागा लाल, आडवा काळा, जवळून दोन्ही वेगळे दिसतात. मग दारापर्यंत मागे न्यायचे आणि विचारायचे, "आता कुठला रंग?" मी म्हणायचे, "तपकिरी." तिथे उभी राहून मी पुन्हा दारापर्यंत मागे गेले.

आँफ्लर बंदर सुंदर आहे, पण शनिवार-रविवारी जाऊ नका, एवढंच सांगते. 

आता कागदपत्रं. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. शुल्क 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून व्हिसाचं पुण्यातलं काम उरकून रात्री घरी येता येतं. खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, दोन्ही आठवडाभर उत्तम टिकली. तूप, पेढे मात्र नेऊ नका, बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शाकाहारी असल्याचं बोटीला आधी लेखी कळवा आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते रोज विचारा. तिथल्या माणसांनी आमच्यासाठी मनापासून वेगळं केलं, पण विचारल्यावर.

बोट सोडल्यावर पॅरिसात दोन दिवस हाताशी ठेवा. मोनेची चित्रं असलेली तिथली दोन संग्रहालयं: ऑरांजरी मंगळवारी बंद, मार्मोतां सोमवारी. ऑरांजरीत दोन लंबगोल दालनांत भिंतभर मोनेने रंगवलेलं ते तळं आहे, बाकावर बसून बघायचं. पण वहिनींना खिळवून ठेवलं ते मार्मोतांने. तिथे मोनेच्या शेवटच्या वर्षांतला जपानी पूल आहे, तपकिरी, लाल, पूल ओळखूच येत नाही असा. त्याला मोतीबिंदू होता, 1923 मध्ये ऑपरेशन झालं. वहिनींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच उन्हाळ्यात झालंय, डावा अजून बाकी आहे. त्या चित्रासमोर त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी मला आपल्या अंगणातली जास्वंद अशीच दिसायची. मी कुणाला बोलले नव्हते."