स्वस्त सॉफ्टवेअर मिळालं, गाडं अडलं स्केलवर

प्लॅनवरून फरशी, प्लास्टर, स्कर्टिंगची (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीची) क्वांटिटी काढायला स्वस्तातलं सॉफ्टवेअर हवं होतं. लांबी आणि क्षेत्रफळ मोजायला फार काही लागत नाही, अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या फुकट आवृत्तीतही मेजर टूल आहे. माझे चार दिवस गेले ते स्केल लावण्यात, म्हणजे कागदावरचं माप प्रत्यक्षात किती हे सॉफ्टवेअरला सांगण्यात.

पाथर्डी फाट्याच्या साइटचं सबमिशन ड्रॉइंग (मंजुरीसाठी दिलेलं), एकाच शीटवर फ्लोअर प्लॅन १:१०० आणि साइट प्लॅन १:५००. पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर अख्ख्या पानाला एकच स्केल लावू देत होतं. १:१०० ठेवून साइट प्लॅन मोजला की लांबी एक पंचमांश आणि क्षेत्रफळ पंचविसावा हिस्सा. स्केल बदललं की आधी घेतलेली मापंही बदलायची. ट्रायलमध्ये हे कळलं नाही, कारण ट्रायल त्यांच्याच नमुना ड्रॉइंगवर घेतली होती. आपल्याकडची सगळ्यात घाणेरडी शीट उघडून बघा, मगच पैसे भरा.

त्यात प्रिंटची भानगड. ए१ शीट ए३ वर ‘फिट टू पेज’ करून काढली की प्रत्येक बाजू निम्मी होते. शीर्षकात १:१०० लिहिलेलं, प्रत्यक्षात १:२००. ए२ ची ए३ केली तर १:१४१. म्हणून यादीतून स्केल निवडू नका, ड्रॉइंगवर लिहिलेल्या मापावरून कॅलिब्रेट करा, म्हणजे त्या मापाच्या दोन टोकांवर क्लिक करून लिहिलेला आकडा भरा.

तेही कुठल्याही मापावरून नाही. दाराचे ०.९० मीटर १:१०० ला कागदावर जेमतेम ९ मिमी भरतात. क्लिक अर्धा मिमी सरकला की लांबीत साडेपाच टक्के चूक, क्षेत्रफळात अकरा. १०० चौ. मी. च्या फ्लॅटमागे ११८ चौ. फूट फरक! बाहेरच्या भिंतीचं १५ मीटरचं माप धरलं तर तोच अर्धा मिमी लांबीत एक तृतीयांश टक्क्यावर येतो. मग काटकोनातलं दुसरं लिहिलेलं माप तपासायचंच. रोल स्कॅनर कागद एका दिशेला ताणू शकतो. आडवं १५.०० बरोबर आणि उभं ९.१५ च्या जागी ९.०० दिसलं, तर एकच स्केल लावून भागत नाही. मोबाइलवर तिरका फोटो काढून ‘एवढं मोजून द्या’ म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

शेवटी स्कॅनसाठी इमेजजे (ImageJ) हे इमेजवर मोजमाप करणारं सॉफ्टवेअर ठेवलं, फुकट आहे. साइट प्लॅन आणि फ्लोअर प्लॅन कापून वेगळ्या इमेज करायच्या, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल). १:१०० वर एक मीटर म्हणजे ११८ पिक्सेल, पुरेसं बारीक. माहीत असलेल्या मापावर सरळ रेघ ओढायची, ‘सेट स्केल’मध्ये आकडा भरायचा, पॉलिगॉन काढून मेजर करायचं. कागद ताणलेला असेल तर तिथेच पिक्सेल आस्पेक्ट रेशो (उभ्या-आडव्याचं गुणोत्तर) भरता येतो. ‘ग्लोबल’वर मात्र टिक ठेवू नका, नाहीतर तेच स्केल सगळ्या इमेजला लागतं आणि आपण पुन्हा होतो तिथेच.

ब्लूबीम या पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये एकाच पानावर वेगवेगळ्या स्केलचे व्ह्यूपोर्ट (चौकटी) करता येतात, पण त्याचं सबस्क्रिप्शन भरत राहावं लागतं. एवढ्या कामासाठी मला ते परवडत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: आर्किटेक्टकडे डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ ड्रॉइंग फाइल) मागून बघा. फुकटच्या डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यूमध्ये मोजता येतं आणि कॅलिब्रेशनची कटकटच राहत नाही. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर क्षेत्रफळाला दहा लाखांनी भागा, चौ. मी. मिळतात. चौ. फुटांसाठी ते गुणिले १०.७६४. पीडीएफच असेल तर ८०० टक्के झूम करा. रेघा धारदार राहिल्या तर स्नॅप (क्लिक आपोआप रेघेच्या टोकावर बसणं) चालेल, चौकोन चौकोन दिसले तर ती इमेज आहे.

प्लास्टरला दारं-खिडक्या आपोआप वजा करणारं टूल बंद ठेवा. आयएस १२०० या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्धा चौ. मी. पर्यंतच्या दार-खिडकीच्या मोकळ्या जागेची वजावट नाही, आणि त्यापुढे ३ चौ. मी. पर्यंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची. ०.९० × २.१० चं दार १.८९ चौ. मी., म्हणजे एकदाच वजा. टूल दोन्ही बाजूंनी कापतं आणि बिलात आपलेच पैसे जातात.