वाढलेले सीपीके आणि मामाची गोष्ट

गेल्या वर्षी जूनमध्ये कार्यालयाच्या वार्षिक तपासणीचा अहवाल हाती आला, तेव्हा त्यात एसजीओटी ६१ आणि एसजीपीटी ५८ हे यकृताच्या तपासणीतले दोन आकडे ठळक छापलेले होते. दोन्हींची वरची मर्यादा ४० दिलेली होती. मी ४९ वर्षांची, एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात काम करणारी आणि लालबागला बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी. दारूचा प्रश्नच नव्हता आणि वजनही बेताचे होते. तरीही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी यकृताला किंचित सूज असावी असे म्हणून तेल-तूप बंद करायला सांगितले. सोनोग्राफीत काही निघाले नाही, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्याही निगेटिव्ह आल्या, पण आकडे जागचे हलले नाहीत. जवळजवळ तीन महिने मी वरणभातावर तूप न घेता जेवले, याची रुखरुख मला अजून आहे.

सप्टेंबरमध्ये पाठदुखीसाठी दादरच्या एका फिजिशियनकडे गेले असता त्यांनी जुने कागद मागून घेतले आणि त्यावर जे ठळक नव्हते ते आधी वाचले. बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी, सगळे मर्यादेत होते. यकृत बिघडले असते तर यांपैकी काहीतरी बहुधा वर गेले असते, असे ते म्हणाले. एसजीओटी आणि थोड्या प्रमाणात एसजीपीटी ही एन्झाइम्स स्नायूंमध्येही असतात, त्यामुळे हे दोन आकडे ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या मथळ्याखाली छापले जात असले तरी त्यांचा उगम दंडात किंवा मांडीतही असू शकतो. म्हणून त्यांनी सीपीके, म्हणजे क्रिएटिन फॉस्फोकायनेज, तपासायला सांगितले. हे एन्झाइम मुख्यतः स्नायूंच्या पेशींत असते आणि पेशीचे आवरण फाटले किंवा झिरपू लागले की रक्तात उतरते. प्रयोगशाळेच्या कागदावर स्त्रियांसाठी २६ ते १९२ ही मर्यादा होती. माझे आले ११४०.

मात्र ते रक्त मी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिले होते. आदल्या दिवशी मंडळाच्या मिरवणुकीत दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत मी पायी चालले होते. हे ऐकून डॉक्टर हसले. सवयीपेक्षा जास्त श्रम झाल्यावर सीपीके एक ते तीन दिवस चढत राहते आणि पूर्ववत व्हायला कधी आठवडाही लागतो. दंडात किंवा कमरेत घेतलेले इंजेक्शन, पडणे, मार लागणे, फिट येणे यांनीही ते वाढते. आठवडाभर जड काम न करता पुन्हा रक्त दिले, तेव्हा आकडा ७४२ आला. मिरवणुकीचा वाटा वजा झाला होता, पण उरलेला आकडाही मर्यादेच्या जवळजवळ चौपट होता.

मग एकेक कारण वगळण्याचे काम सुरू झाले. कोलेस्टेरॉलसाठी मी दोन वर्षे ॲटोर्वास्टॅटिन घेत होते आणि स्टॅटिन हे या वाढीचे नेहमीचे कारण असल्यामुळे ती गोळी आठ आठवडे थांबवली. आकडा ६९० वर आला आणि तिथेच थांबला. थायरॉइड मंद असला तरी सीपीके वाढते, पण माझे टीएसएच नीट होते. ड जीवनसत्त्व कमी निघाले, ते भरून काढले, त्याने काही फरक पडला नाही. पोटॅशियम आणि कॅल्शियम ठीक होते. काहींच्या रक्तात हे एन्झाइम प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) चिकटून मोठ्या रेणूच्या रूपात साचते आणि स्नायू निरोगी असूनही आकडा फुगतो, त्याला मॅक्रो-सीके म्हणतात (सीके हे सीपीकेचेच दुसरे नाव). तेही तपासले, पण माझे सगळे नेहमीचे, स्नायूंतले एन्झाइमच होते. मध्येच एका प्रयोगशाळेने न सांगता सीके-एमबी हा सीपीकेचा हृदयाच्या स्नायूत जास्त असणारा प्रकारही काढला. तो जरा वाढलेला पाहून माझे दीर थेट हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत पोहोचले आणि ती संध्याकाळ ईसीजी व ट्रोपोनिन या हृदयासाठीच्या रक्ततपासणीत गेली. दोन्ही व्यवस्थित होते. एमबी हा प्रकार हातापायांच्या स्नायूंतही थोडा असतो, हे आम्हाला त्यानंतर कळले.

नोव्हेंबरात मला परळच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मेंदू आणि मज्जातंतू विभागाकडे पाठवण्यात आले. सकाळी साडेसातला केसपेपरच्या रांगेत उभे राहिले की अकराच्या सुमारास नंबर लागे. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला उकिडवे बसून हात न टेकता उठायला लावले, टाचांवर आणि चवड्यांवर चालवले, पोटऱ्या दाबून पाहिल्या. शक्ती पूर्ण होती. स्नायूंच्या दाहाची शंका दूर व्हावी म्हणून प्रतिपिंडांच्या तपासण्या झाल्या, स्नायूत सुई घालून करतात ती ईएमजी झाली, मांड्यांचा एमआरआय झाला. कशातच काही निघाले नाही. असे असताना स्नायूचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हा पुढचा टप्पा होता. सगळे करूनही कारण सापडत नाही आणि माणूस ठणठणीत राहतो, अशीही बरीच उदाहरणे असतात, असे मॅडमनी आधीच सांगून ठेवले होते.

बायोप्सीची तारीख देताना त्यांनी विचारले, “घरात कुणाला चालायला त्रास होता का? आईकडे?” हा प्रश्न फॉर्मवर दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी ‘नाही’ लिहिले होते. आईच्या एका धाकट्या भावाला पोलिओ होता एवढे मला ठाऊक होते, आणि पोलिओ काही आनुवंशिक नसतो. त्या म्हणाल्या, “पोलिओ केव्हा झाला, ते आईंना विचारून या.”

आई ७७ वर्षांची आहे आणि आमच्याकडेच असते. तिने जे सांगितले ते पोलिओसारखे नव्हते. मामाला ताप कधी आला नव्हता. तो चार-पाच वर्षांचा असताना चवड्यांवर चालू लागला. पोटऱ्या इतक्या भरदार की लोक त्याला पैलवान म्हणत. जमिनीवरून उठताना तो गुडघ्यावर, मग मांडीवर हात ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. अकराव्या वर्षी तो बसला तो उठला नाही आणि १९६६ साली, सतराव्या वर्षी गेला. संगमेश्वर तालुक्यातल्या त्या गावी याला पोलिओ म्हणण्याखेरीज दुसरा शब्द कुणाकडे नव्हता. हे मी जसेच्या तसे मॅडमना सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि बायोप्सीचा कागद बाजूला केला.

मामाला जे झाले असावे त्याचे नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू क्षीण होत जाणारा आनुवंशिक आजार. दोष डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या जनुकात असतो आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते सापडले १९८६-८७ च्या सुमारास, म्हणजे मामा जाऊन वीस वर्षे झाल्यावर. मुलाकडे एक्स एकच असल्याने तो आजारी पडतो. स्त्रीकडे दोन असल्याने ती बहुधा फक्त वाहक राहते, म्हणजे स्वतः आजारी न पडता दोष मुलांना देऊ शकते, पण तिचे सीपीके वाढलेले असू शकते. जनुकात ७९ एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, असतात. एमएलपीए नावाच्या तपासणीत त्यांतले काही गळाले किंवा दुप्पट झाले आहेत का ते दिसते. त्यासाठी मांडी कापावी लागली नाही, जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडे रक्त पुरले. साडेतीन आठवड्यांनी अहवाल आला: माझ्याकडच्या या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत मधले काही एक्सॉन नाहीत.

वाहक स्त्रियांच्या हृदयाच्या स्नायूवर पुढे परिणाम होऊ शकतो, म्हणून टूडी इको झाला. तो चांगला आहे आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा करायचा आहे. कधी शस्त्रक्रिया झालीच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगायचे आहे, कारण भुलेची काही औषधे अशा स्नायूंना धोक्याची ठरू शकतात. आईने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे माझ्याकडून आलं ना?” मी हो म्हणाले. खोटे बोलून काही उपयोग नव्हता. ती म्हणाली, “आमची आई मरेपर्यंत म्हणत होती, बाळंतपणात मी काहीतरी चुकले.”

नाशिकच्या बहिणीला फोन करायला मला चार दिवस लागले. तिचा मुलगा २४ वर्षांचा आणि धडधाकट आहे, मुलगी १९ची. माझी मुलगी २३ची. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या मुलीचे सीपीके ९६ आले तेव्हा घरात पेढे आणण्यापर्यंत मजल गेली. मॅडमनी मात्र समजावले की वाहक स्त्रीचे सीपीके नेहमीचेही असू शकते, त्यामुळे या आकड्यावर निर्धास्त राहता येत नाही. माझ्या अहवालात जे एक्सॉन गळालेले दिसले तेच तिच्यातही गळाले आहेत का, एवढेच पाहायचे. तपासणी करायची की नाही हे तिने ठरवायचे, असे आम्ही तिला सांगितले. तिने महिनाभर विचार केला आणि गेल्या गुरुवारी रक्त दिले.

दरम्यान यंदाच्या वार्षिक तपासणीचा फॉर्म आला. एसजीओटी पुन्हा ठळक छापून येणार आणि कुणीतरी पुन्हा तूप बंद करायला सांगणार, म्हणून जनुकाच्या अहवालाची प्रत मी त्याला जोडली. ‘कुटुंबातील आजार’ या रकान्यात एका ओळीपुरतीच जागा होती. मामाचे चालणे, त्याचे वय आणि १९६६ हे साल मी समासात उभे लिहिले.