माणगाव ते अपशिंगे (मिलिटरी): दोन दिवसांची स्मारकवारी

मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या बाजारपेठेत गाड्या हमखास तुंबतात आणि अडकलेला प्रत्येक जण गाव कधी मागे पडतंय याची वाट बघत असतो. पुढच्या वेळी गाडी बाजूला लावा आणि तहसील कार्यालयात जा. आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. आम्ही गेलो तेव्हा दाखल्यासाठी आलेली मंडळी शेजारीच फायली चाळत उभी होती. पुतळ्याकडे कोणी मुद्दाम बघत नव्हतं, पण विचारल्यावर एका आजोबांनी सगळी लढाई सांगितली, तीही हातवाऱ्यांसकट.

घाडगे याच तालुक्यातल्या पळसगाव-आंबेगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा मशीनगनवर धावून गेला. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण त्यांची समाधी कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. नाव इटलीतल्याच कॅसिनोच्या युद्धस्मारकावर आहे. 2023 च्या जुलैत टायबरच्या त्याच खोऱ्यातल्या, पेरुजियाकडच्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्यासाठी सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारलं. इटलीला जाणाऱ्या मराठी माणसाने रोम-फ्लोरेन्सच्या मध्ये पेरुजियाकडे वळायला हे पुरेसं कारण आहे, असं माझं मत.

माणगावात कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. सुट्टीच्या दिवशी तहसीलचं फाटक बंद मिळू शकतं, म्हणून कामकाजाच्या दिवशीच जा.

पुढे महाड, पोलादपूर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि केळघर घाटाने मेढ्यामार्गे सातारा. पावसाळ्यात आंबेनळीत दरडी येतात. निघण्यापूर्वी घाट चालू आहे ना, हे पोलादपुरात विचारा. महाबळेश्वरला आम्ही थांबलो नाही. स्ट्रॉबेरी क्रीम राहिलं म्हणून घरातल्या लहान मंडळींचा राग अजून गेलेला नाही.

मुक्काम साताऱ्यात करावा आणि सकाळी अपशिंग्याला निघावं. साताऱ्याहून अठरा-वीस किलोमीटर, कराडच्या दिशेने. मॅपवर ‘अपशिंगे मिलिटरी’ असं पूर्ण नाव टाका, नाहीतर भलत्याच अपशिंग्यात पोचाल. एसटीने जाणार असाल तर परतीची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. गावात जेवणाचं हॉटेल मिळेलच असं धरून चालू नका.

पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले. त्यांच्यासाठी इंग्रजांनी गावात स्तंभ उभारला. पुढे 1962, 65, 71, प्रत्येक लढाईत गावची पोरं होती आणि आजही घरटी कोणी ना कोणी फौजेत असतं. स्तंभ बघायला पाच मिनिटं लागतात. खरा वेळ शेजारच्या कट्ट्यावर जातो. तिथे भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारांना आम्ही स्तंभाबद्दल विचारलं, तर ते त्याच्याकडे पाठ करून आळीकडे बोट दाखवायला लागले: या घरातला पणजा बसऱ्याला गेला, त्या घरातला कुठे पडला ते कळलंच नाही, आणि तो पत्रा दिसतोय ना, तिथला नातू सध्या पलटणीबरोबर जम्मूला.

हे ऐकताना इराकमधल्या बसऱ्याचं पहिल्या महायुद्धाचं स्मारक आठवत होतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्यांपैकी अधिकाऱ्यांची नावं तिथे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीप्रमाणे नुसता आकडा. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथल्याच कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या, 1916 च्या एप्रिलमध्ये शरण जाईपर्यंत. त्यांतले कितीतरी शिपाई त्या आकड्यांत असतील. अपशिंग्यात आकड्यामागचं घर दाखवणारं कोणीतरी अजून आहे, म्हणून तिथे जायचं.

जाताना हार-फुलं साताऱ्यातूनच घ्या. चौथऱ्यावर चढून फोटो काढू नका, आणि कोणाच्या घरातल्या भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोचा फोटो घ्यायचा असेल तर आधी विचारा. पैसे द्यावेसे वाटले तर गावात कोणाच्या हातात कोंबू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला द्या, पावती मिळते. 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीला गर्दीची तयारी ठेवून जा.

घरी आल्यावर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर आपल्या गावाचं नाव शोधून बघा. बऱ्याच भारतीय सैनिकांच्या नोंदीत बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं आहे, त्यामुळे एका गावासाठी चार-पाच प्रकारे टाइप करावं लागतं. जुना जिल्हाही टाकून बघा: रायगडची माणसं ‘कुलाबा’खाली सापडतात.