आमची वाटचाल: शेतातल्या मोटारीपासून बोटीच्या खालच्या गिअरबॉक्सपर्यंत

सोलापूरला समुद्र नाही मग बोटीच्या इंजिनचं वर्कशॉप कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो, आणि त्याला उत्तर एकच, उजनी. ११७ टीएमसीचं धरण आहे आपलं, बॅकवॉटर पार भिगवणच्या पुढंपर्यंत गेलंय, त्यात चिलापी, कटला धरणारे मच्छीमार, रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या बोटी, आणि ह्या काठावरनं त्या काठावर माणसं नेणारे. ह्यातल्या बऱ्याच जणांच्या बोटीला मागं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरनं टांगलेलं इंजिन असतं आणि ते बिघडलं की पूर्वी टेंपोत घालून मुंबई नाहीतर कोकणात पाठवायला लागायचं. सीझनमध्ये इंजिन महिनाभर बाहेर म्हणजे घरचं सगळंच थांबलं.

आमचे अण्णा मूळचे गिरणीतले फिटर. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक लेथ टाकला आणि पॉवरलूमचे पार्ट, शेतातले मोनोब्लॉक, सबमर्सिबल पंप असलं काम सुरू केलं. म्हणजे ऑइल सील, बेअरिंग, इम्पेलर, शाफ्ट ह्यातच आमचं सगळं बालपण गेलं. मग टेंभुर्णीकडचा एक मच्छीमार, मोटर रिवाइंडिंगला नेहमी यायचा, तो एकदा यामाहाचं टू-स्ट्रोक इंजिन घेऊन आला आणि म्हणला, "अण्णा, पाण्यातलंच काम हाय की ओ, बघा जरा." अण्णांनी खालचा भाग खोलला तर आत काय, वरनं येणारा उभा शाफ्ट, त्याच्या टोकाला पिनियन, पुढचा आणि रिव्हर्सचा गिअर, मधी क्लच डॉग, म्हणजे गिअर जोडणारा दातेरी तुकडा, आणि वरच्या बाजूला इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारा छोटा रबरी इम्पेलर. ओळखीचंच सगळं. फक्त शेतातल्या पंपात सील गेलं तर पाणी गळताना डोळ्याला दिसतं, इथं सील गेलं तर पाणी गुपचूप आत जातं आणि मालकाला पत्ता लागत नाही, एवढाच फरक, पण हाच फरक लय महाग पडतो.

तिथनं आमचं मन लोअर युनिटमध्ये, म्हणजे ह्या खालच्या गिअरबॉक्समध्येच रमलं. इंजिनचं वरचं काम करणारे मेस्त्री मिळतात, प्लग कार्बोरेटर बरेच जण करतात, पण खालच्या गिअरबॉक्सला हात लावायला कोणी तयार नसतं आणि मालक लोक पण त्याला बंद डबा समजतात, आवाज यायला लागेपर्यंत कोणी बघतच नाही.

उजनीतल्या इंजिनचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तंगूस, जाळ्याचा नायलॉनचा दोरा. जुनी जाळी पाण्यात तरंगत असतात, पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये अडकतात, माणूस वरवर दिसणारं कापून काढतो आणि परत चालू करतो, पण पंख्याच्या मागं शाफ्टला जो दोरा गुंडाळलेला राहतो तो फिरून फिरून सीलच्या ओठापर्यंत जातो आणि त्याला कापतो. बऱ्याच मॉडेलला तिथं पाठीला पाठ लावून दोन सील असतात, एकाचं तोंड आत, ऑइल अडवायला, दुसऱ्याचं बाहेर, पाणी अडवायला. बाहेरचं कापलं गेलं की मग आतलं किती दिवस टिकणार. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो की कॉटर पिन काढून पंखा पूर्ण बाहेर काढा आणि मागं बघा, दर महिन्याला, जाळ्यात काम असंल तर आठवड्याला.

पाणी आत का जातं हे पण समजून घ्यायला पाहिजे. इंजिन चालताना गिअरबॉक्स गरम होतो, आतली हवा फुगते, मग बंद केलं की गार पाण्यात तो एकदम थंड होतो आणि आत ओढ तयार होते, सील थोडं जरी गेलेलं असलं तरी त्या ओढीनं पाणी आत. त्यामुळं आम्ही प्रेशरची टेस्ट घेतोच पण व्हॅक्यूमची पण घेतो. सुरवातीला अण्णांनी सायकलचा पंप, एक गेज आणि ड्रेन प्लगच्या आट्याचं पितळी नोझल लेथवर काढून स्वतःच सेट बनवला होता. हवा भरायची, गेजचा काटा बघत बसायचं, शाफ्ट हातानं फिरवायचा, शिफ्टची सळई हलवायची आणि साबणाचं पाणी मारून बुडबुडा कुठं येतोय ते बघायचं. आता तयार किट आहे पण पद्धत तीच, आणि काटा पडला तर ते युनिट दुकानाबाहेर जात नाही, गिऱ्हाईक दारात उभा असला तरी.

गिअरबॉक्सच्या ऑइलचं सांगतो कारण तिथंच सगळे घाई करतात. बोट रात्रभर उभी राहिली की पाणी जड म्हणून खाली बसतं, सकाळी खालचा प्लग जरा सैल केला तर पहिल्यांदा पाण्याचे थेंब येतात. चालवून आणलेल्यात बघितलं तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. बऱ्याच मॉडेलच्या ह्या प्लगला चुंबक असतो, त्यावर बारीक काळी पेस्ट असली तर काळजी नाही, चकाकणारे तुकडे आले तर मात्र खोलायलाच पाहिजे. भरताना ऑइल खालच्या होलमधनंच पंपानं भरायचं, वरच्या होलमधनं बुडबुडा न येता सलग बाहेर यायला लागलं की आधी वरचा प्लग लावायचा आणि मग खालची नळी काढून तो प्लग. वरनं ओतलं तर मधी हवा अडकते आणि माप चुकतं. दोन्ही प्लगचे वायसर दरवेळी नवीन, इथं दहा रुपये वाचवून गिअर सेटला हजारो घालवलेले लोक मी बघितलेत. आणि ऑइल कंपनी सांगते तेच, बहुतेकांना एसएई ९०चं हायपॉइड गिअर ऑइल लागतं, इंजिन ऑइल नाही. नवीन इंजिनचं पहिलं ऑइल लवकर बदलायचं आणि नंतर साधारण १०० तासाला किंवा सहा महिन्याला.

उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं की आमच्याकडं वेगळंच काम येतं. धरणात गेलेल्या जुन्या गावांच्या भिंती, विहिरीचे कठडे, बाभळीची खोडं वर येतात, पळसदेवचं जुनं देऊळ दिसायला लागतं, आणि बोटवाल्याचा अंदाज जरा चुकला की गिअरबॉक्सच्या तळाचा पातळ पंख (स्केग) तुटतो नाहीतर शाफ्टच वाकतो. वाकलेला शाफ्ट आम्ही ठोकून सरळ करत नाही, कितीही गळ घातली तरी, कारण वाकडा शाफ्ट नवीन सील खातो. पाणी कमी असतानाच चिखल आणि जलपर्णी इम्पेलरमध्ये जाते. इंजिन चालू झाल्यावर मागनं जी पाण्याची धार पडते ती बारीक झाली की बंद करा, पहिल्यांदा पाणी आत घेणारी बारीक जाळी बघा आणि मग इम्पेलर. पाण्याबाहेर चालू करून तर बघूच नका, रबर काही सेकंदात जळतं.

आणखी एक, गिअर हळूच टाकू नका. माणसाला वाटतं हळू टाकला की मशीनवर प्रेम केलं, पण त्यानं क्लच डॉगच्या कडा घासून गोल होतात आणि मग पुढचा गिअर टरटर आवाज करत सुटतो. थ्रॉटल आयडलला आणायचं आणि एका झटक्यात टाकायचा.

कोकणातनं सेकंडहँड आलेली इंजिनं पण आमच्याकडं असतात. खाऱ्या पाण्यातली म्हणून अल्युमिनियमच्या केसिंगमध्ये स्टीलचे बोल्ट पक्के जाम झालेले असतात, ते हीट देऊन, पेनिट्रेटिंग ऑइल सोडून, कधी कधी दोन दिवस ठेवून काढायला लागतात. एका दुकानातनं एका भावानं डुप्लिकेट सीलचा सेट आणला होता, आत बसवून पहिल्याच टेस्टला काटा खाली, तेव्हापासून आम्ही बाहेरून आणलेला माल बसवतच नाही.

सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला मोठा पूर आला तेव्हा आमच्यावर सगळ्यात जास्त जबाबदारी आली असं मला वाटतं. पुरात उतरलेल्या बोटी उसाच्या शेतातनं आणि तारेच्या कुंपणावरनं गेल्या, पंख्यात तार, ऊस, गवत सगळं. आम्ही दिवसरात्र शटर उघडं ठेवून फक्त पंखा, सील, ऑइल, टेस्ट एवढंच करत होतो, त्या दिवसात बिल कोणाकडं मागितलं नाही.

आता वर्कशॉपला अण्णा सकाळी येऊन गेजसमोर बसतात, टेंभुर्णीच्या त्या मच्छीमाराचा पोरगा आमच्याकडं शिम (गिअरमागच्या पातळ चकत्या) आणि बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली ढील) मापून बसवतो, तो काम बघूनच शिकलाय आणि माझ्यापेक्षा बारीक बघतो. मे महिन्यात टेंपोत ड्रम, टेस्ट किट आणि सील घालून आम्ही उजनीच्या काठावर जातो, ज्यांना इंजिन इथवर आणायला जमत नाही त्यांच्यासाठी. येणार असाल तर आदल्या रात्रीपासून बोट उभी ठेवा आणि खालचा प्लग आमच्यासमोरच उघडू द्या.